नाशिकच्या गच्चीवरून ग्रहांचे आणि तेजोमेघांचे छायाचित्रण

गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो, हे या शहरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. मात्र ज्या ग्रहाच्या गतीवर हा बारा वर्षांचा हिशोब उभा आहे, त्याच्या अंगावरचे तपकिरी पट्टे आणि शेजारी एका ओळीत उभे असलेले चार चंद्र स्वतः पाहिलेली माणसे थोडीच भेटतात. सूर्याभोवती 11.86 वर्षांत एक फेरी पूर्ण करणारा हा ग्रह घराच्या गच्चीवरून, मध्यम खर्चाच्या साधनांनी, कॅमेऱ्यात टिपता येतो. त्याच गच्चीवरून मृगातला तेजोमेघ आणि कृत्तिकांचा गुच्छही टिपता येतो, फक्त त्याची रीत निराळी आहे.

ही निराळी रीत सुरुवातीलाच नीट समजून घ्यावी. ग्रह तेजस्वी आणि आकाराने इवलेसे दिसतात, त्यामुळे त्यांना काळोखाची गरज नसते. त्यांना स्थिर हवा लागते. तेजोमेघ (वायू आणि धुळीचे ढग) आणि दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचे प्रचंड समूह) आकाराने मोठ्या, पण अतिशय मंद असतात; त्यांना काळोख आणि भरपूर वेळ लागतो, हवा थोडी अस्थिर असली तरी चालते. नव्याने सुरुवात करणारे अनेक जण दोन्ही कामे एकाच साधनाने, एकाच रात्री आणि एकाच पद्धतीने करू पाहतात आणि निराश होतात. आजची रात्र कोणत्या कामाची आहे, हे संध्याकाळी आकाशाकडे पाहून ठरवता येणे हे या छंदातले पहिले कौशल्य आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचेही तेच आहे.

ग्रह

नाशिक 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि ग्रहांच्या छायाचित्रणासाठी ही गोष्ट फार अनुकूल आहे. ग्रह ज्या पट्ट्यातून फिरतात त्याचा अगदी दक्षिणेकडचा, धनू राशीजवळचा भागसुद्धा याम्योत्तर वृत्तावर (माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) आला असता आपल्याकडे क्षितिजापासून सुमारे 46 अंश उंच असतो, तर मिथुनेजवळचा भाग थेट माथ्यावर येतो. लंडनमध्ये धनू राशीतला ग्रह जेमतेम 15 अंश चढतो, म्हणजे त्याचा प्रकाश वातावरणाच्या कितीतरी जाड थरातून येतो आणि वाटेत थरथरतो. जानेवारी 2026 मधल्या प्रतियुतीच्या वेळी, म्हणजे पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना, गुरू मिथुनेत होता आणि आपल्या जवळजवळ डोक्यावरून जात होता. फेब्रुवारी 2027 मध्ये गुरू आणि मंगळ या दोघांचीही प्रतियुती आहे आणि त्या वेळीही दोघे आपल्याकडे माथ्याजवळच असतील.

प्रतियुतीच्या सुमारास ग्रह पृथ्वीला सर्वांत जवळ असतो आणि रात्रभर दिसतो, म्हणून तिच्या आधीचा आणि नंतरचा एकेक महिना राखून ठेवावा. त्या काळात गुरूचे बिंब 44 ते 50 विकला भरते (एक विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग). चंद्राचे बिंब सुमारे 1,800 विकलांचे असते, यावरून गुरू किती लहान दिसतो याची कल्पना येईल. मंगळ मात्र प्रत्येक प्रतियुतीला सारखा मोठा दिसत नाही. जुलै 2018 मध्ये त्याचे बिंब 24 विकलांचे होते, तर फेब्रुवारी 2027 मध्ये ते सुमारे 14 विकलांचेच असेल. तेव्हा त्याच्याकडून गुरूइतक्या तपशिलाची अपेक्षा ठेवू नये.

साधनांबद्दल थोडक्यात सांगायचे तर सहा किंवा आठ इंची परावर्ती दुर्बीण, अथवा जागा कमी असल्यास पाच इंची मॅक्सुटोव्ह (आखूड नळीची भिंग-आरशाची दुर्बीण), हे उत्तम. कॅमेरा म्हणून संगणकाला जोडता येणारा छोटा ग्रह-कॅमेरा घ्यावा. सुरुवातीला नेत्रिकेवर (डोळा लावतात त्या भिंगावर) होल्डरने बसवलेला मोबाइलही पुरेसा होतो, मात्र त्यावरचे एक्स्पोजर (प्रकाश घेण्याचा वेळ) आणि फोकस लॉक करून मगच व्हिडिओ घ्यावा. नाभीय अंतर आणि आरशाचा व्यास यांचे गुणोत्तर (एफ-क्रमांक) कॅमेऱ्याच्या पिक्सेलच्या मायक्रॉनमधील आकाराच्या चार ते पाच पट ठेवावे. पिक्सेल 2.9 मायक्रॉनचा असेल तर एफ 12 ते एफ 15 योग्य. म्हणजे एफ 6 च्या दुर्बिणीला नाभीय अंतर दुप्पट करणारे बार्लो भिंग लावले की काम भागते. याहून जास्त वर्धन केल्यास चित्र मोठे होते, तपशील वाढत नाही.

आता मुख्य अडचणीकडे वळतो. आपल्या घरांचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता सोडत राहतो. उष्ण हवेचे हे लोट दुर्बिणीच्या तोंडासमोरून वर जातात आणि ग्रहाचे बिंब वाहत्या पाण्यातल्या नाण्यासारखे हलू लागते. एका एप्रिलमध्ये मी सलग चार रात्री आठ वाजता गच्चीवर दुर्बीण लावली आणि चारही रात्रींचे चित्रण टाकून द्यावे लागले. मी आरशाचे संरेखन, म्हणजे आरसे एका रेषेत बसले आहेत का ते, पुन्हा पुन्हा तपासत होतो आणि दोष पायाखालच्या काँक्रीटचा होता. पाचव्या रात्री तीच दुर्बीण खाली, बागेतल्या मातीवर ठेवली, तेव्हा बिंबाची कड एकदम स्वच्छ दिसली. ज्यांना अंगण किंवा मातीची मोकळी जागा उपलब्ध आहे त्यांनी ग्रहांसाठी गच्चीचा मोह सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांना गच्चीच वापरायची आहे त्यांच्यासाठीही उपाय आहेत. चित्रण शक्यतो मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे करावे. पाण्याची टंचाई नसेल तर सूर्यास्तापूर्वी स्लॅबवर पाणी शिंपडावे, म्हणजे रात्र होईपर्यंत ते वाळून जाते आणि स्लॅब लवकर निवतो. नाहीतर दुर्बिणीभोवती काथ्याच्या चटया किंवा जुनी पोती अंथरावीत. शेजारच्या पत्र्याच्या छपरावरून किंवा वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागावरून नजर जाईल अशी जागा टाळावी. दुर्बीण किमान तासभर आधी बाहेर काढून ठेवावी, कारण खोलीतला आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होईपर्यंत नळीच्या आतही असेच लोट उठत असतात. थंडीत, जेव्हा निफाडकडचा पारा झपाट्याने उतरतो, तेव्हा हा फरक अधिक असतो आणि तासाऐवजी दीड तास द्यावा लागतो.

हवा स्थिर आहे का, हे पाहण्यासाठी उपकरण लागत नाही. माथ्याजवळचे तारे जोरात लुकलुकत असतील तर ग्रहांचा विचार सोडून द्यावा. याउलट हिवाळ्यात गोदाकाठावरून पातळ धुरकट थर पसरतो, मंद तारे दिसेनासे होतात आणि उरलेले तारे मात्र शांत असतात; तेजोमेघांसाठी ती रात्र वाया गेलेली असते, पण ग्रहांसाठी तिच्यासारखी दुसरी नाही. धुरकट दिसते म्हणून अशा रात्री दुर्बीण बाहेरच न काढणे ही मोठी चूक ठरते.

आपल्या अक्षांशामुळे एक गैरसोयही होते. आडव्या-उभ्या अक्षांवर फिरणाऱ्या साध्या बैठकीला (दुर्बीण ज्यावर बसवतात त्या आधाराला) अगदी माथ्यावरच्या ग्रहाचा पाठलाग करता येत नाही, कारण तिथे तिला क्षणात अर्धी गिरकी घ्यावी लागते. त्यामुळे ग्रह माथ्यावर येण्याच्या तासभर आधी किंवा तासभर नंतर, साधारण 60 ते 75 अंशांवर असताना, चित्रण उरकावे. या उंचीवर वातावरणामुळे होणारी रंगांची फाटाफूटही नगण्य असते, तेव्हा ती दुरुस्त करणारे महागडे भिंग घेण्याची आपल्याला गरज पडत नाही.

प्रत्यक्ष चित्रण एका छायाचित्राचे नसून व्हिडिओचे असते. हवा क्षणाक्षणाला बदलते आणि हजारो चौकटींमधल्या काही थोड्या, ती क्षणभर थांबलेली असताना, स्वच्छ येतात. त्या निवडून एकमेकींवर रचायच्या, हे यामागचे तत्त्व आहे. प्रथम एखाद्या ठळक ताऱ्याला किंचित फोकसबाहेर नेऊन त्याची वर्तुळे एककेंद्री आहेत का ते पाहावे आणि नसल्यास आरशाचे संरेखन करावे. मग फोकस साधावा. बाहतिनोव्ह मास्क, म्हणजे तिरप्या खाचांची जाळी, पुठ्ठ्यातून घरी कापता येतो आणि तो ताऱ्यासमोर धरल्यावर दिसणाऱ्या तीन रेषांपैकी मधली रेषा बरोबर मध्यावर आली की फोकस जमला असे समजावे. शार्पकॅप किंवा फायरकॅप्चर या चित्रणाच्या संगणक प्रणालींमध्ये ग्रहाभोवतीचा 640 × 480 पिक्सेलांचा लहान भाग निवडावा, म्हणजे वेग वाढतो. गुरूसाठी एका चौकटीचे एक्स्पोजर 5 ते 10 मिलिसेकंद ठेवावे आणि हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) 60 ते 70 टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नये. गुरू स्वतःभोवती 9 तास 55 मिनिटांत फिरतो. एकच चित्रण दोन-तीन मिनिटांहून लांबवले तर त्याच्यावरचे ठिपके पुसट होतात. शनीवर ठळक खुणा नसल्यामुळे त्याला चार-पाच मिनिटे देता येतात, मंगळालाही तेवढीच.

या चित्रणातील उत्तम 10 ते 25 टक्के चौकटी ऑटोस्टॅकर्ट निवडून रचून देते आणि रेजिस्टॅक्समधील वेव्हलेटच्या (बारीक तपशील ठळक करणाऱ्या) पट्ट्या हळूहळू सरकवून दबलेला तपशील वर आणता येतो. दोन्ही प्रणाली विनामूल्य आहेत. इथे हात आवरता येणे महत्त्वाचे असते. बिंबाच्या कडेला पांढरी रेघ दिसू लागली किंवा पट्ट्यांवर दाणे उमटले, की आपण ग्रहावर नसलेले काहीतरी रंगवू लागलो आहोत हे ओळखावे आणि दोन पावले मागे यावे.

एक सूचना जोर देऊन करतो. शुक्र किंवा बुध संध्याकाळी लवकर टिपण्याच्या घाईत सूर्य मावळण्यापूर्वी दुर्बीण त्या दिशेला फिरवू नये. नळीच्या तोंडावर पूर्ण बसणारा सौर फिल्टर नसताना सूर्य क्षणभर जरी नेत्रिकेत आला, तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

तेजोमेघ, गुच्छ आणि दीर्घिका

या कामाचा दिवस ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी पाहावी. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटे उशिरा उगवतो. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास येतो, म्हणून वद्य अष्टमीपासून शुद्ध चतुर्थीपर्यंत संध्याकाळनंतरचे निदान तीन-चार तास काळोखाचे मिळतात. शुद्ध सप्तमी-अष्टमी चंद्राच्याच छायाचित्रणाला द्यावी, कारण त्या दिवशी विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेचा चंद्र सपाट दिसतो.

शहराचा उजेड हटवता येत नाही, पण त्याच्याशी जुळवून घेता येते. गंगापूर रोडच्या किंवा सातपूरच्या पलीकडे राहणाऱ्यांना त्र्यंबकच्या बाजूचे, पश्चिमेकडचे आकाश तुलनेने काळे मिळते. त्यांनी लक्ष्य याम्योत्तर वृत्त ओलांडून पश्चिमेला झुकल्यावर चित्रण करावे. देवळालीकडच्यांना दक्षिण बरी पडते. पंचवटी, सिडको किंवा इंदिरानगरच्या मध्यावर असणाऱ्यांनी माथ्याभोवतीचा भागच वापरावा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा अशा वेळी उपयोग होतो, कारण रस्त्यावरच्या दिव्याचा थेट झोत तिच्या आडोशाने अडतो. सोसायटीत राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांना आणि रखवालदाराला आधी सांगून ठेवावे. गच्चीचा दिवा दोन तास बंद ठेवायला सहसा कोणी नाही म्हणत नाही, आणि गुरूचे चंद्र एकदा दाखवले की पुढच्या वेळी ते स्वतःच दिवा मालवतात.

दुकानांत मिळणारे प्रकाशप्रदूषण-रोधक साधे फिल्टर घेताना विचार करावा. रस्त्यांवर सोडियमचे पिवळे दिवे होते तोवर ते उपयोगी होते, कारण त्या दिव्यांचा प्रकाश ठरावीक रंगातच येत असे. आता सर्वत्र लागलेल्या पांढऱ्या एलईडीचा प्रकाश वर्णपटभर पसरलेला असतो. हायड्रोजनचा 656 नॅनोमीटरचा लाल आणि ऑक्सिजनचा 501 नॅनोमीटरचा हिरवट प्रकाश तेवढा आत सोडणारा दुपदरी अरुंद फिल्टर मात्र वायूंच्या तेजोमेघांसाठी शहरातूनही आश्चर्यकारक काम करतो. कृत्तिका किंवा देवयानी दीर्घिकेला त्याचा फायदा नाही, कारण त्यांचा प्रकाश ताऱ्यांचा, म्हणजे सगळ्या रंगांचा असतो.

ज्यांच्याकडे कॅमेरा, 50 मिलिमीटरची लेन्स आणि ट्रायपॉड एवढेच आहे त्यांनी आणखी काही विकत घेईपर्यंत थांबू नये. 500 या आकड्याला नाभीय अंतराने भागावे आणि कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यास आणखी 1.5 ने भागावे, म्हणजे तारे रेघांसारखे न उमटता किती सेकंद उघडझाप (एक्स्पोजर) ठेवता येईल याचा अंदाज मिळतो. इथे तो साडेसहा सेकंदांच्या आसपास येतो. पाच सेकंदांची 300 छायाचित्रे घेतली की 25 मिनिटांचा प्रकाश जमा होतो. छायाचित्रांची संख्या चौपट केली की चित्रातला खरखरीतपणा त्याच्या तुलनेत निम्मा होतो, शंभरपट केली की दशांश होतो. शहरातून चांगले चित्र मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग हाच आहे, आणि त्यासाठी फक्त चिकाटी लागते. सगळी छायाचित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपातच घ्यावीत आणि हिस्टोग्रामचे टोक डाव्या कडेपासून सुटून साधारण पाव अंतरावर येईल असे एक्स्पोजर ठेवावे.

मिनिटभराची उघडझाप हवी असेल तर आकाशाबरोबर फिरणारी विषुववृत्तीय बैठक लागते आणि तिचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून अवघा 20 अंश वर असतो. हात लांब करून धरलेल्या दोन मुठी एकावर एक ठेवल्या की तेवढी उंची भरते. समोरची एखादी इमारत त्याला सहज झाकते, म्हणून गच्चीचा उत्तरेकडचा कोपरा मोकळा आहे का ते आधी पाहावे. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा दूर असल्यामुळे ध्रुवदर्शकातील (बैठकीच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीतील) खुणेनुसारच तो बसवावा. तो दिसतच नसेल तर कंपास वापरावा. नाशिकमध्ये चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतली तफावत एक अंशाहून कमी आहे. कंपास मात्र लोखंडी कठड्यापासून आणि स्लॅबपासून दूर, हातात उंच धरून वाचावा, कारण काँक्रीटमधल्या सळ्या सुई ओढतात. आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. इतक्या कमी अक्षांशावर अक्ष फार आडवा होतो आणि काही बैठकांचा वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला आपटतो, म्हणून घेण्यापूर्वी बैठक 20 अंशांवर लावून, पूर्ण फिरवून पाहावी.

लक्ष्य निवडताना ठळकाकडून मंदाकडे जावे. दिवाळीनंतर देवयानी दीर्घिका माथ्याच्या उत्तरेला येते; तिचा 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आपण टिपत असतो आणि तिचा विस्तार तीन अंशांहून अधिक, म्हणजे चंद्राच्या सहापट असतो, तेव्हा तिला दुर्बिणीपेक्षा 135 किंवा 200 मिलिमीटरची लेन्स योग्य. फटाक्यांचा धूर विरायला मात्र काही दिवस द्यावेत. मार्गशीर्षात कृत्तिका, पौष-माघात मृगातला महातेजोमेघ. मृगाचा मध्यभाग इतका तेजस्वी आहे की मिनिटभरात पांढरा फटक पडतो, म्हणून पाच-दहा सेकंदांची काही छायाचित्रे वेगळी घेऊन ती मध्यभागासाठी वापरावीत. याच दिवसांत द्राक्षबागा थंडीपासून वाचवण्यासाठी पहाटे शेकोट्या पेटवल्या जातात आणि शहराबाहेर राहणाऱ्यांना त्या धुराचा विचार करावा लागतो. चैत्र-वैशाखात दक्षिण क्षितिज मोकळे असलेल्यांनी नरतुरंगातला ओमेगा हा बंद (गोलाकार, दाट) तारकागुच्छ जरूर टिपावा. तो आपल्याकडे 22 अंशांपर्यंत चढतो, तर लंडनहून तो कधीच दिसत नाही. शौरीतला एम 13 हा तसाच गुच्छ आणि पहाटेचा धनू राशीतला लगून तेजोमेघ त्यानंतर येतात.

लेन्सवर दव बसू नये म्हणून डिसेंबर-जानेवारीत तिच्याभोवती गरम पट्टा बांधावा. काम संपल्यावर लेन्सला झाकण लावून त्याच एक्स्पोजरची 20-30 डार्क छायाचित्रे घ्यावीत; सेन्सरचे स्वतःचे दोष त्यांच्या मदतीने वजा होतात. मग फोकस जराही न हलवता, लेन्सच्या तोंडावर धुतलेला पांढरा सुती पंचा सुरकुती न पडू देता ताणून बसवावा आणि उजाडत्या आकाशाकडे रोखून तेवढीच फ्लॅट छायाचित्रे घ्यावीत. फ्लॅट टाळण्याचा मोह सर्वांना होतो, पण शहरातल्या चित्रात कडेचा अंधार आणि सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके त्यांच्याशिवाय जात नाहीत. सिरिल या विनामूल्य प्रणालीत हे सारे एकत्र करून रचता येते. त्यानंतर तिच्यातच पार्श्वभूमीवरचा नारिंगी-करडा उतार काढावा आणि मगच चित्र उजळावे. हा क्रम उलटा झाला तर उजेडाचा तो डाग काही केल्या निघत नाही.

जूनमध्ये ढग आले की साधने आवरावीत. माझ्या एका लेन्सवर एकाच पावसाळ्यात बुरशीचे जाळे पसरले आणि ती साफ केल्यावरही तिच्या लेपावरचे डाग तसेच राहिले. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून लेन्स आणि नेत्रिका ठेवाव्यात आणि पुड्या महिन्याला बदलाव्यात. डांबरगोळ्या डब्यात टाकू नयेत, त्यांची वाफ काचेवर बसते. दुर्बिणीच्या नळीची दोन्ही तोंडे झाकून ती भिंतीपासून सुटी ठेवावी. ऑक्टोबरमध्ये पहिले मोकळे आकाश मिळाले की प्रथम आरशाचे संरेखन तपासावे आणि दुर्बीण शनीकडे वळवावी. ऑक्टोबर 2026 मध्ये त्याची प्रतियुती आहे, आणि 2025 च्या मार्चमध्ये आपल्याकडे कड करून असलेली त्याची कडी आता पुन्हा उघडू लागली आहेत. कोजागरीच्या रात्री गच्चीवर दूध आटत असताना चंद्र पूर्ण असला, तरी शनीच्या चित्रणाला त्याचा काहीच अडथळा होत नाही.